वर्तणूक : चांगली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळेत मास्तरांनी मुलाला मारलं अशी बातमी आपल्या अंकात आली की दोन-तीन दिवस पत्रं येतात. निम्मी म्हणतात, आमच्या वेळी छडी होती म्हणून आम्ही शिकलो. निम्मी म्हणतात, शिक्षकाला निलंबित करा. या दोन्ही पत्रांत ज्या शिक्षेबद्दल कोणीच लिहीत नाही, तिच्याबद्दल मला लिहायचं आहे : लेखी काही न देता मुलाला शाळेतून घरी पाठवणं. तिचा वळ उठत नाही, आणि कागदावर ती कुठंच सापडत नाही. सापडत नाही हे मी खात्रीनं सांगतो, कारण ते कागद तयार करण्यात माझं आयुष्य गेलं.

१९८६ ते २०१९ मी सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित शाळेत लिपिक होतो. जनरल रजिस्टर, पगारबिलं, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि दाखले. दाखले तर काही हजार लिहिले असतील. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शेवटाकडं रकाने असतात : अभ्यासातील प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याचा दिनांक, शाळा सोडण्याचे कारण, शेरा. ‘वर्तणूक’ या रकान्यात मी सगळ्या नोकरीत एकच शब्द लिहिला. चांगली. ज्याला वर्तणुकीपायी काढलं त्याच्याही दाखल्यावर चांगली. कारण काढलं असं म्हणायचंच नसतं. ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यात ‘पालकांची विनंती’ असं लिहिलं की विषय संपतो.

एक दाखला मात्र विसरता येत नाही. साल १९९८, सातवीतला मुलगा. हिशेबात तरबेज, तोंडी विचारलं तर शिक्षकांच्या आधी उत्तर द्यायचा. पण वाचायला उभा केला की घामाघूम. ‘कमल’ची ‘मकल’ व्हायची. आळशी आहे, मुद्दाम करतो, असं सगळ्यांचं मत, आणि खरं सांगायचं तर माझंही. रोज बाकावर उभा. एके दिवशी त्यानं तपासलेली उत्तरपत्रिका फाडली आणि फळ्यावरचं डस्टर सरांच्या दिशेनं फेकलं. लागलं कोणाला नाही. संध्याकाळी बापाला बोलावून घेतलं. बाप मार्केट यार्डात हमाल, पाठीवरचं पोतं टाकून तसाच आलेला, खांद्यावर मिरचीची पूड. मुख्याध्यापकांनी मला सांगितलं, भाऊ, एक अर्ज लिहून घ्या. मी लिहिला : ‘माझ्या मुलास पुढील शिक्षणासाठी परगावी पाठवायचे असल्याने त्याचा दाखला मिळावा, ही नम्र विनंती.’ अक्षर माझं, सही त्याची. सही करताना त्यानं विचारलं, “म्हंजी आता कुठल्या गावाला पाठवायचा?” कोणी उत्तर दिलं नाही. पोरगा परगावी गेला नाही. पुढच्या आठवड्यात तो बापाबरोबर यार्डात दिसला.

त्या वेळी १९९५चा अपंगांचा कायदा होता, पण त्यात सातच प्रकार होते. वाचता न येणं हे त्यात नव्हतं. अध्ययन अक्षमता हा शब्द आमच्या स्टाफरूममध्ये कोणी ऐकलेला नव्हता. तो कायद्यात आला २०१६ साली, दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांपैकी एक म्हणून. स्वमग्नताही (ऑटिझम) त्याच यादीत आली. १९९८ साली आम्हाला माहीत नव्हतं, हे खरं. पण तो अर्ज खोटा आहे हे मला माहीत होतं, हेही तितकंच खरं.

हे सगळं आता उकरून काढायचं कारण माझा नातू. वय आठ, तिसरीत आहे. घरात त्याला आम्ही बंड्या म्हणतो. साडेतीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नाही, मग पुण्याच्या वाऱ्या झाल्या, स्वमग्नतेचं निदान झालं, जिल्हा रुग्णालयाचं प्रमाणपत्र आलं, यूडीआयडी कार्डही, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, आलं. आता तो बोलतो, वाचतो, एसटीच्या बोर्डांवरची गावं ओळीनं पाठ म्हणून दाखवतो. कराड-चिपळूण मार्गावरचा एकही थांबा चुकत नाही. फक्त अचानक मोठा आवाज झाला की त्याचं सगळं बिनसतं. कानांवर हात घट्ट दाबतो, मनगट चावतो, वाट दिसेल तिकडं पळतो. कुकरची शिट्टी होणार असेल तर आमची सूनबाई आधी त्याला सांगते, “बंड्या, आता तीन शिट्ट्या वाजणार हं.” सांगितलं की काही होत नाही. स्वतःच मोजत उभा राहतो.

शाळा मिळवताना चार ठिकाणी फिरलो. “आमच्याकडे सुविधा नाही हो,” हे वाक्य चारही ठिकाणी जवळपास त्याच चालीत ऐकलं. पाचव्या शाळेनं घेतलं. त्या शाळेचं नाव मी लिहिणार नाही. नातू अजून तिथंच आहे, आणि मुलांना घेतलं याबद्दल मला तिचा आदरही आहे.

जुलैत एका सोमवारी परिपाठाला नवा ध्वनिक्षेपक लावला. तो शिट्टी मारायला लागला. बंड्या रांगेतून सुटला आणि पुढच्या मुलाला धक्का देऊन फाटकाकडं पळाला. तो मुलगा ओट्यावर आपटला, ओठ फाटला, दोन टाके पडले. पावणेबाराला मला फोन : “आजोबा, याला घेऊन जा. आणि दोन-चार दिवस नकाच पाठवू.” मी गाडी काढून गेलो. बंड्या ऑफिसात लाकडी बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसला होता, मनगटावर दातांची खूण. मी मुख्याध्यापिकाबाईंना म्हटलं, मॅडम, घेऊन जातो, पण तसं लेखी द्या.

“अहो आजोबा, लेखी कशाला? आपण घरचीच माणसं.”

तेहतीस वर्षं पगार ज्या गोष्टीचा घेतला, ती हीच. जे घरचं असतं त्याचीच नोंद राहत नाही.

त्या दिवसापासून मी घरच्या कालनिर्णयवर लाल गोल करायला लागलो. आधीचे दिवस आठवून भरले. शाळा सुरू झाल्यापासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंत एकोणीस गोल झाले. त्यातले पाच ‘नका पाठवू’चे. त्यात दोन दिवस टाके पडल्यानंतरचे, एक तपासणीला साहेब येणार होते तो, एक सहलीचा, आणि एक १५ ऑगस्टचा, कारण बँड असतो. उरलेले चौदा ‘घेऊन जा’चे. हजेरीपट मला कोणी दाखवला ते विचारू नका, लिपिकाला लिपिक ओळखतो. त्या चौदाही दिवशी आमचा बंड्या हजर आहे. हजेरी पहिल्या तासाला होते, आणि फोन त्यानंतर येतो. परिपाठाच्या त्या सोमवारी तर तो हजेरीच्या वेळी ऑफिसात बसलेला होता, पण दप्तर वर्गात होतं, म्हणून हजर. सरकारदरबारी हा मुलगा नियमित शाळेत जाणारा, समावेशित शिक्षण घेणारा विद्यार्थी आहे.

आता कायदा. मला कलमं तोंडपाठ ठेवायची खोड आहे, थोडं सहन करा. शिक्षण हक्क कायदा २००९चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याचं कलम १७ सांगतं की मुलाला शारीरिक शिक्षा करायची नाही आणि मानसिक त्रासही द्यायचा नाही. कलम १६ सांगतं की आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येणार नाही. २०१९च्या दुरुस्तीनं पाचवी-आठवीत नापास करायची मुभा आली, पण काढायची मुभा आली नाही, हे बऱ्याच संस्थाचालकांच्या लक्षातच नाही. दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १६ अनुदानित आणि मान्यताप्राप्त शाळांना सांगतं की भेदभाव न करता प्रवेश द्या आणि त्या त्या मुलाच्या गरजेप्रमाणे सोयीत फेरफार करा. कलम ९२ तर असं आहे की दिव्यांग व्यक्तीला चारचौघांत अपमानित करायच्या हेतूनं हिणवलं तर सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद.

म्हणजे छडी मारता येत नाही, नाव कमी करता येत नाही, चारचौघांत बोलता येत नाही. मग राहतो तो फोन. फोनला कलम नाही. कारण फोन म्हणजे शिक्षा आहे असं कोणी मानतच नाही. मुलाच्या भल्यासाठीच तर केला!

आठवीच्या पुढं फोनचीही गरज उरत नाही. नववीत बापाला बोलावतात आणि सांगतात, याला दहावीला ‘१७ नंबरचा फॉर्म’ भरून बाहेरून बसवा, इथं त्याला झेपणार नाही. झेपण्याची काळजी असते ती शाळेच्या फलकावरच्या ‘१०० टक्के निकाल’ या अक्षरांची. गंमत अशी की आपलं परीक्षा मंडळ दिव्यांग विद्यार्थ्यांना ताशी वीस मिनिटं जादा देतं, लेखनिक देतं. सवलत परीक्षेच्या खोलीत वाट बघत बसलेली असते. मूल त्या खोलीपर्यंत पोचलं तर.

माझी भाची न्यू जर्सीत असते, तिथल्या सरकारी शाळेत मदतनीस आहे. तिला हे सांगितलं तर तिनं तिथली पद्धत सांगितली. दिव्यांग मुलाला शिस्तीच्या कारणावरून सलग दहा शाळा-दिवसांहून जास्त बाहेर ठेवायचं ठरवलं, तर तसं ठरवल्यापासून दहा शाळा-दिवसांच्या आत शाळेनं आणि पालकांनी एकत्र बसायचं. बसून दोन प्रश्नांची उत्तरं द्यायची. जे घडलं ते त्याच्या अपंगत्वामुळं घडलं का? आणि त्याच्यासाठी जो लेखी आराखडा ठरला होता तो शाळेनं पाळला नाही म्हणून घडलं का? दोन्हींपैकी एकाचं उत्तर ‘हो’ आलं तर मूल परत वर्गात, आणि मग शाळेनं कारण शोधायचं. हत्यार, अंमली पदार्थ, गंभीर इजा यांना वेगळा नियम, तेव्हा पंचेचाळीस शाळा-दिवसांपर्यंत दुसरीकडं ठेवता येतं. पण शिकवणं तेव्हाही थांबवायचं नाही.

तिथं सगळं छान आहे असं मी म्हणत नाही. मिसिसिपी, टेक्साससारख्या राज्यांत शाळेत फळीनं मारणं आजही कायद्यात बसतं, ते ऐकून मीच चकित झालो. आणि भाची म्हणते, “मामा, ‘घेऊन जा’चे फोन इथंही येतात.” फरक इतकाच, की तिथल्या शिक्षण खात्यानं २०२२ साली सूचना काढून स्पष्ट केलं की असा फोन करून घरी पाठवणं हेसुद्धा बाहेर काढणंच आहे, त्यालाही तेच नियम लागू. मला एवढंच हवं आहे. फोनला फोन न म्हणता त्याचं खरं नाव लिहावं.

आता दुसरी बाजू, कारण ती मी ऑफिसच्या खिडकीतून आयुष्यभर पाहिली आहे. बंड्याच्या वर्गात अठ्ठेचाळीस मुलं आहेत. कायद्यानं पहिली ते पाचवीला तीस मुलांमागं एक शिक्षक. बाई एकट्या. त्यांच्याकडं मतदारयादीचं काम, खिचडीची नोंद, ऑनलाइन माहिती भरणं, वर बंड्या. सर्वोच्च न्यायालयानं २०२१च्या ऑक्टोबरात प्रमाण ठरवायला सांगितलं, आणि २०२२ साली केंद्र सरकारनं ठरवलं की अशा मुलांसाठी प्राथमिकला दहामागं एक आणि पुढं पंधरामागं एक विशेष शिक्षक हवा. आमच्या शाळेत विशेष शिक्षिका येतात, पण त्यांच्या वाट्याला इतक्या शाळा आहेत की बंड्याला त्या महिन्यातून एकदा भेटतात, आणि तो निम्मा वेळ त्यांना एसटीचे थांबे सांगण्यात घालवतो. वर्गशिक्षिकेनं फोन केला तर मी तिला दुष्ट म्हणणार नाही. तिच्या जागी मी असतो तर दहाच्या आधी केला असता.

आणि तो टाके पडलेला मुलगा. मी त्याच्या घरी गेलो, फळं घेऊन. त्याची आई दारातच म्हणाली, “तुमच्या नातवाचं कळतं आम्हाला, पण माझ्या पोरानं काय केलं होतं?” याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजून नाही. मी तिथंच उभा राहिलो. मग आतून तो मुलगा ओठाला कापूस लावलेला बाहेर आला आणि म्हणाला, “त्या कर्ण्यानं माझापण कान दुखतो.” आईनं त्याला आत पाठवलं. पण मला तिथंच उमगलं की त्या दिवशी शाळेत एकानंही कर्ण्याची चौकशी केली नव्हती. आठ वर्षांच्या पोराची केली होती. आवाज कमी करायचं बटण फिरवायला निधी लागत नाही, की पद मंजूर करून घ्यावं लागत नाही.

कोणी म्हणेल, तक्रार करा की. शिक्षण हक्क कायद्याचं कलम ३२ आहे, स्थानिक प्राधिकरणाकडं लेखी तक्रार, तीन महिन्यांत निकाल, पुढं बालहक्क आयोगाकडं अपील. दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय पुण्यात आहे. वाट मला माहीत आहे, अर्जाचा मसुदाही डोक्यात तयार आहे. पण तक्रार केलेल्या पालकाशी शाळा भांडत नाही. फक्त फाटकात भेटल्यावर ओळख दाखवणं बंद होतं, आणि त्याच फाटकातून रोज आपलं मूल आत जायचं असतं. शिवाय तक्रारीला पुरावा लागतो. पुराव्यात हजेरीपट मागवतील. हजेरीपटात तो हजर आहे.

म्हणून माझी मागणी बारकी आहे, लिपिकाची आहे. शिक्षण खात्यानं एक नमुना ठरवून द्यावा. शाळेच्या वेळेत मुलाला घरी पाठवलं, किंवा पाठवू नका असं सांगितलं, की तो भरायचा, एक प्रत पालकाला, एक शाळेत, आणि महिन्याची बेरीज केंद्रप्रमुखांकडं. दहा दिवस भरले की शाळा, पालक आणि विशेष शिक्षक यांनी एकत्र बसायचं. नवीन पद नको, नवीन इमारत नको. आमच्याकडं शाळेत शिरलेल्या मोकाट कुत्र्याचीही लॉगबुकात नोंद करायचे, मग मुलाची का नको?

खातं ठरवेल तेव्हा ठरवेल. मी स्वतःच एक नमुना तयार केला आणि गावातल्या प्रेसमधून शंभर पानांचं पॅड छापून आणलं. रकाने असे : दिनांक. वेळ. काय घडले. त्याआधी काय घडले. काय करून पाहिले. परत केव्हा पाठवायचे. पाठवणाऱ्याची सही व शिक्का. दिवाळीनंतर शाळा उघडली त्या दिवशी पॅड मुख्याध्यापिकाबाईंना नेऊन दिलं. त्यांनी “बघू हं” म्हणून ते कपाटावर ठेवलं. कपाटावर ठेवणे म्हणजे काय, ते मला कोणी शिकवायला नको.

गेल्या गुरुवारी फोन आला. गेलो. बंड्या त्याच बाकावर. मी काही न बोलता कपाटावरून पॅड काढलं, धूळ झटकली आणि त्यांच्यापुढं ठेवलं, वर पेन ठेवलं. बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मग दिनांक लिहिला, वेळ लिहिली. ‘काय घडले’मध्ये लिहिलं : वर्गातून पळाला, दार आपटले. ‘त्याआधी काय घडले’ या रकान्याशी त्या थांबल्या. वर्गशिक्षिकेला बोलावलं. त्या म्हणाल्या, शेजारच्या वर्गात सुतार बाकं ठोकत होता. तेवढं लिहून झालं आणि ‘काय करून पाहिले’ यापाशी पेन पुन्हा थांबलं. दोघी एकमेकींकडं बघायला लागल्या. मग वर्गशिक्षिकाच म्हणाल्या, “सुतार साडेबाराला जाणार आहे. तोवर बसू दे ना इथंच.”

बंड्या साडेबारापर्यंत ऑफिसात बसला, मला पाटणपर्यंतचे थांबे म्हणून दाखवले, आणि नंतर वर्गात गेला. मी एकटाच घरी आलो. फॉर्मची एक प्रत माझ्याकडं आहे. बाईंनी त्यावर सही मात्र केलेली नाही.

आपला,
एक निवृत्त मुख्य लिपिक, कराड
(नातू त्याच शाळेत असल्यानं नाव छापू नये, ही विनंती.)